दुसरी किल्ली

आमच्या ऑफिसच्या काचेच्या दाराला चुंबकी कुलूप आहे. कार्ड दाखवलं की सुटतं. नवीन आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते : वीज गेली की हे दार बंद होत नाही, उघडतं. चुंबकाला धरून ठेवायला वीज लागते, सोडायला काहीच लागत नाही. आग लागली, सर्व्हर बसला, गार्ड झोपला, तरी आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. याला फेल-सेफ म्हणतात. फेल-सेफ म्हणजे कधीच बिघडणार नाही अशी हमी नव्हे. बिघडलंच तर माणसाच्या बाजूने बिघडेल, एवढंच.

चार वर्षं मी त्या दारातून जा-ये करतोय. त्याचा अर्थ मात्र मला एका रविवारी पहाटे, घरच्या बाथरूमच्या फरशीवर बसून कळला. ती गोष्ट सांगायची तर आधी थोडं आमच्याबद्दल सांगावं लागेल.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ती आर्किटेक्ट आहे. आम्ही पाच वर्षं एकत्र आहोत, तीन वर्षं एका घरात. आमच्या नात्याचा एक कोपरा असा आहे की ठरवून, ठरलेल्या वेळेपुरता, मी माझ्या शरीरावरचा एक हक्क तिच्या हवाली करतो. एक छोटं कुलूपबंद साधन असतं. ते अंगावर असेपर्यंत लैंगिक सुख घेता येत नाही, एकट्यालाही नाही. किल्ली तिच्याकडे असते. इंग्रजीत या प्रकाराला चॅस्टिटी म्हणतात, आणि ज्या मोठ्या छत्रीखाली तो येतो तिला पॉवर एक्स्चेंज. मराठी शब्द शोधायला गेलो तर 'ब्रह्मचर्य' हाती लागला. तो ऐकून ती इतकी हसली की चहा सांडला.

यात काय मिळतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दिवसभर मी निर्णय घेत असतो, किंवा निर्णय घेतल्यासारखं दाखवत असतो. एक निर्णय असा की जो आता माझा नाहीच, हे कळल्यावर डोक्यातला एक पंखा बंद झाल्यासारखं वाटतं. वाट बघणं वाढतं, आणि वाट बघताना माझं तिच्याकडे जास्त लक्ष जातं. तिला काय मिळतं हे तिनेच सांगायला हवं. तिने एवढंच लिहायची परवानगी दिली आहे की तिला ते आवडतं, आणि नुसतं माझ्यासाठी म्हणून ती ते करत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. संमतीने चालणारं असं वर्तन तिने विकारांच्या यादीतून काढून टाकलं. म्हणजे डॉक्टरी प्रश्न बऱ्यापैकी मिटला आहे. नैतिक प्रश्न उरतोच, आणि तो जास्त रंजक आहे.

प्रश्न असा : जे कधीही परत घेता येतं, ते खरंच दिलेलं असतं का?

मी तिला किल्ली दिली, पण 'थांब' म्हणालो की तिने कुलूप उघडायचंच असं ठरलेलं असेल, तर सत्ता कुणाकडे आहे? माझ्याकडेच. मग हे नाटक झालं. आणि उघडायचं नाही असं ठरलेलं असेल, तर ती सत्ता खरी, पण मग ती कैद झाली. नाटक किंवा कैद, तिसरं काही आहे का?

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये याच्या टोकाच्या रूपाचा विचार केला आहे. माणूस स्वतःला गुलाम म्हणून विकू शकतो का? मिल म्हणतो, नाही. माणसाच्या इच्छेचा मान ठेवायचा तो त्याच्या स्वातंत्र्यासाठी. त्या इच्छेनेच जर पुढचं सगळं स्वातंत्र्य संपत असेल, तर मान ठेवायचं कारणच उरत नाही. मला हे पटतं. पण याच्या उलट बाजूला ओडिसियस उभा आहे. सायरन नावाच्या गाणाऱ्या जीवांच्या बेटाजवळून जाताना तो खलाशांना सांगतो : मला डोलकाठीला बांधा, आणि मी सोडा म्हणालो तर आणखी घट्ट बांधा. आधीचा मी नंतरच्या मला बांधतो, आणि आपण त्याला शहाणा म्हणतो. सकाळी उठावं म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारा प्रत्येक जण थोडाफार ओडिसियसच असतो.

फरक कुठे आहे? मला दोन दिसतात. एक म्हणजे ओडिसियसचं बांधून घेणं बेट मागे पडेपर्यंतच होतं. त्याला शेवट होता, गुलामीला नसतो. दुसरं, त्याच्या खलाशांच्या कानात मेण होतं. त्याला खरोखर काही झालं असतं, दोर गळ्याला काचला असता, तर त्याची ती हाक आणि गाण्याच्या मोहातली हाक त्यांना वेगळी ओळखता आली नसती. हा त्याच्या रचनेतला बग होता. कथेत तो निभावला, एवढंच.

पॉवर एक्स्चेंज करणाऱ्या माणसांनी हा बग फार पूर्वी दुरुस्त केला आहे. उपाय साधा आहे : दोन वेगळे आवाज ठेवायचे. 'प्लीज, आज सोड ना' हा खेळातला आवाज. त्याला नाही म्हणायचा हक्क तिचा, आणि त्या नाहीतच सगळी गंमत. दुसरा सेफवर्ड. तो उच्चारला की खेळ संपला, प्रश्न नंतर. बरेच जण सिग्नलचे रंग वापरतात : हिरवा, पिवळा, लाल. १९८३ साली न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेने 'सेफ, सेन, कन्सेन्शुअल' म्हणजे सुरक्षित, शुद्धीतलं, संमतीचं असे तीन शब्द एकत्र आणले आणि ते जगभर गेले. पुढे काहींनी म्हटलं की पूर्ण सुरक्षित असं काही नसतंच, रस्ता ओलांडणंही नसतं. म्हणून धोका माहीत करून घेऊन दिलेली संमती, असं म्हणणं जास्त प्रामाणिक. मला हा दुसरा वाक्प्रयोग जवळचा वाटायचा. 'माहीत करून घेऊन' यातली मेख मात्र मला दिसली नव्हती. कुणाला माहीत करून घेऊन?

*

इथे एक खरी घडलेली गोष्ट. 'सेलमेट' नावाचं एका चिनी कंपनीचं चॅस्टिटी साधन होतं. किल्ली नाही, सगळं ॲपवर. जोडीदार दुसऱ्या शहरात असला तरी फोनवरून कुलूप लावणार आणि उघडणार. ऑक्टोबर २०२०मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की त्याच्या सर्व्हरचा एपीआय उघडा आहे. जगातल्या कुणालाही, पासवर्डशिवाय, सगळी साधनं एका फटक्यात बंद करता आली असती. वर वापरणाऱ्याचं लोकेशनही मिळालं असतं. हाताने उघडायची सोयच नव्हती. अडकलाच तर ग्राइंडर, तोही नको त्या जागेजवळ. काही महिन्यांत हल्लेखोरांनी खरोखर काही जणांची साधनं बंद केली आणि सोडायचे ०.०२ बिटकॉइन मागितले.

बातमी वाचून आमचा ऑफिसचा ग्रुप दोन दिवस हसत होता. मीही हसलो. पण कोड लिहिणारा म्हणून मला दोन वेगळ्या चुका दिसत होत्या. एपीआय उघडा ठेवणं ही निष्काळजी, ती पॅच करून बुजते. दुसरी चूक कुणीतरी विचार करून केलेली होती. कोणत्या तरी मीटिंगमध्ये ठरलं असणार की हाताने उघडता आलं तर 'खरं' वाटणार नाही. सुटकेची वाट काढून टाकली की सत्ता खरी होते, अशी त्यांची समजूत. आमच्याकडे असला मूर्खपणा नव्हता. आमचं साधन साधं, किल्लीचं. आणि दुसरी किल्ली कपाटात एका पाकिटात, कुरियरच्या पिशव्यांना लावतात तसलं नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील लावून. गरज पडली तर मी तोडायचं. तोडलं की नंबरावरून तिला कळणार. या रचनेचा मला अभिमान होता.

दीड वर्षापूर्वीचा शनिवार. शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ असं ठरलं होतं. दुपारी कोल्हापूरहून फोन आला, तिची आई जिन्यावरून पडली होती. ती तासाभरात निघाली. बूट घालता घालता म्हणाली, "काढून ठेव हां ते. मी नसताना नको." मी हो म्हणालो.

काढलं नाही.

का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं. ती दवाखान्यात आईपाशी बसलेली, आणि मी इथे तिच्यासाठी काहीतरी सोसतोय. परत आल्यावर सांगेन, तिला बरं वाटेल. पहाटे साडेचारला दुखण्याने जाग आली. झोपेत पुरुषाच्या शरीरात जे आपोआप होतं ते झालं होतं, आणि मागची कडी आदल्या दिवसापेक्षा घट्ट बसली होती. बोट सुजल्यावर अंगठीचं काय होतं ते आठवा. रक्त आत येतं, बाहेर पडायला जागा नाही, सूज वाढते, कडी आणखी आवळते. रंग बदललेला दिसत होता. स्पर्श कमी कळत होता.

पाकीट दहा पावलांवर होतं. मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिलो, जवळजवळ पाऊण तास. सील तोडलं की तिला कळणार की मी काढलं नव्हतं. म्हणजे ज्या सीलमुळे मी सुटायला हवा होतो, त्याच सीलमुळे मी सुटत नव्हतो. ते दार माणसाच्या बाजूने बिघडणारं नव्हतं. मी ते माझ्या लाजेच्या बाजूने बिघडणारं करून ठेवलं होतं.

शेवटी तोडलं. गार पाणी, साबण, पंधरा-वीस मिनिटं. सूज उतरली, पण कातडीला जखम झाली होती, आणि सोमवारपर्यंत ती चिघळली. डॉक्टरांनी काही सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सुन्नपणा किती वेळ होता?" मी खोटं सांगणार होतो. खरं सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी दुखायला लागलं की नाही, त्याच्या आधी काढायचं. आणि असं काही झालं तर त्याच रात्री यायचं, दोन दिवसांनी नाही. आम्ही याहून कितीतरी विचित्र पाहतो." अँटिबायोटिक्स, मलम, आठवडाभरात बरं झालं.

ती बुधवारी आली. मी आधीच सांगायला हवं होतं. तुटलेलं सील तिनेच पाहिलं.

मला वाटलं होतं ती घाबरेल, मग रागावेल, मग जवळ घेईल. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला काही झालं असतं, तर ते मी केलं असतं. किल्ली माझ्याकडे होती. माझ्या नावावर तू हे केलंस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस." थोड्या वेळाने म्हणाली, "मी सांगितलेलं ऐकायचं, एवढंच तर होतं ना यात? तेवढंच तू केलं नाहीस." तिने पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "मला नको ही."

*

तोवर संमतीबद्दल मी जे काही वाचलं, बोललो होतो, ते सगळं एका बाजूने होतं. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याची संमती घ्यावी. बरोबरच आहे, सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण आमच्या घरात त्या रात्री संमती मोडली गेली ती तिची. सत्ता तिच्याकडे होती, माहिती माझ्याकडे. दुखतंय का, किती वेळ झाला, अंगावर आहे की नाही, हे सगळं माझ्याशिवाय तिला कळायला मार्ग नव्हता. मी ते लपवलं त्या क्षणी ती एका अशा गोष्टीची जबाबदार धनी झाली, जिला तिने नाही म्हटलं होतं.

आणि तिथेच माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर होतं. नाटक की कैद? दोन्ही उत्तरं असं धरून चालतात की सत्ता कुलपात असते. ती कुलपात नव्हतीच. ती तिच्या सांगण्यात आणि माझ्या खरं बोलण्यात होती. कुलूप असूनही मी तिची सत्ता काढून घेतली होती, एका साध्या 'हो' या खोट्या शब्दाने. उलट शनिवारी दुपारी ते काढून ठेवलं असतं, तर अंगावर काही नसतानाही मी तिचं ऐकलेलं असतं. म्हणून परत घेता येणारी गोष्ट खरी देता येते, असं मी आता म्हणेन. रोज परत घेता येत असूनही घेतली नाही, आणि घ्यावीशी वाटली तेव्हा तोंडाने सांगितलं, तर ते देणं रोज नव्याने होतं. बाहेरची वाट बंद केली की उरते ती सवय किंवा भीती.

आपल्याकडे ब्रह्मचर्याचं सर्वांत गाजलेलं व्रत गांधीजींचं, १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत घेतलेलं. आत्मकथेत ते प्रामाणिकपणे सांगतात की तोवर कस्तुरबांशी त्यांनी हा विचार बोलून दाखवला नव्हता. व्रत घेतेवेळी विचारलं, आणि त्यांची हरकत नव्हती. पूर्वी हे वाचताना मी पुढे सरकलो होतो. आता त्या 'हरकत नव्हती'पाशी थबकतो. व्रत एकाचं, पण बदलणार होतं दोघांचं आयुष्य. हरकत नसणं आणि संमती असणं यांत केवढं अंतर आहे! माझी चूक त्याहून वाईट होती, कारण तिची हरकत होती आणि ती तिने बोलूनही दाखवली होती. पण मूळ तेच : सोसणारा मी, त्यामुळे ठरवणाराही मीच, आणि त्याग असल्यामुळे मला कुणी काही विचारू नये. त्यागाला प्रश्न विचारायची आपल्याला सवयच नाही.

कदाचित म्हणूनच आपल्याकडे अशा नात्यांकडे विकृती म्हणून पाहणं सोपं जातं. ठरवून, बोलून, वेळ घालून सत्ता देणारी दोन माणसं विचित्र वाटतात. न बोलता, लग्नाच्या दिवसापासून कायमची वाटली गेलेली सत्ता विचित्र वाटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये आजही अपवाद आहे : पत्नी अठरा वर्षांखालची नसेल, तर पतीने तिच्या संमतीशिवाय केलेला संभोग बलात्कार धरला जात नाही. म्हणजे एकदा दिलेली संमती परत घ्यायची दुसरी किल्ली तिथे कायद्यानेच ठेवलेली नाही. सेलमेटच्या रचनेत आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

हे मराठीत बोलायला लाज वाटते खरी. पण र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून याहून अवघड गोष्टी मराठीत छापल्या, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हा मीही चार गोष्टी सरळ सांगतो, कारण माझ्यासारखा कुणीतरी हे रात्री फोनवर लपून वाचत असेल.

हे फक्त सज्ञान माणसांचं आहे, आणि ज्यांना नातं सोडून जाता येतं अशांचं. ज्याचं घरभाडं, पगार किंवा फोटो दुसऱ्याच्या ताब्यात आहेत त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवू नका. तो तुम्ही स्वतः असाल तरी. ऑनलाइन भेटलेल्या अनोळखी माणसाला किल्ली, पासवर्ड किंवा चेहऱ्याचे फोटो देऊ नका. सुरुवात तास-दोन तासांनी, जागेपणी. मापात चूक चालत नाही. रोज काढून धुणं, कोरडं करणं, कातडी बघणं. सुन्नपणा, गारपणा, रंग बदलणं, सूज, लघवीला त्रास यांपैकी काहीही झालं की लगेच काढायचं, विचारायचं नंतर. निघालं नाही किंवा काढूनही सुन्नपणा राहिला तर त्याच वेळी दवाखाना. मधुमेहामुळे स्पर्श कमी कळत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. दारू प्यायल्यावर नाही. हाताने उघडता येत नाही असं काही कधीच नाही. आणि अंगावर असणाऱ्याने खरं सांगायचं, हा नियम सर्वांत वर.

किल्ली सात महिने टेबलाच्या खणात पडून होती. आम्ही त्याविषयी बोललो, भांडलो, मग बरेच दिवस बोललोच नाही. तिची आई चालायला लागली. एका रविवारी तिनेच विषय काढला. तिच्या अटी होत्या, कागदावर लिहिलेल्या. पहिली अशी की नको म्हणायचा हक्क तिलाही आहे, कधीही, कारण न सांगता. मी वाचून सही केली. ती म्हणाली, "सही काय करतोस, बँक आहे का?"

मग मी कपाटातून नवं पाकीट काढलं, दुसरी किल्ली त्यात घातली आणि सील शोधायला लागलो. तिने ते माझ्या हातातून घेतलं.

"सील कशाला?"

"उघडलं तर तुला कळावं म्हणून."

"तू सांगशील ना?"

आता दुसरी किल्ली स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. गॅलरीच्या आणि स्कूटरच्या किल्ल्यांबरोबर.